जुन्या स्कूल बसचा अल्टरनेटर बदलताना
जुन्या डिझेल स्कूल बसला पंखे, जादा दिवे, कॅमेरे बसवले की बॅटरी उतरू लागते. पुष्कळदा दोष बॅटरीचा नसून अल्टरनेटर अपुरा पडतो. बसमालक व कारागीर बंधूंनी आधी हिशेब करावा. सर्व उपकरणांचे वॉट जोडून व्होल्टने भागावे. 24 व्होल्टच्या बसवर 720 वॉट भार म्हणजे 30 अँपिअर. थांब्यावर इंजिन संथ चालते तेव्हा अल्टरनेटर पूर्ण अँपिअर देत नाही. आम्ही कापड घेताना आटण्यासाठी जादा धरतो, तसे येथेही धरावे. बेल्ट व पुली तपासावी. वायर मात्र जाडच घ्यावी. बारीक वायर तापून पेट घेते आणि बसमध्ये मुले असतात. काही रुपयांची ही बचत महागात पडेल. कामाआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. इंजिन चालू असताना ती काढल्यास डायोड जळतात.