मडक्यातील बिऱ्हाड

पौष पौर्णिमेस मुरबाड तालुक्यातील म्हसा या गावी मोठी यात्रा भरते. बैलांचा बाजार हे या यात्रेचे वैशिष्ट्य होय. जनावर दावणीला बांधले, की त्याच्या वैरणपाण्याचा भार आपल्यावर आला, हे या भागातील शेतकऱ्यांच्या मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. परंतु अलीकडे मुरबाड व शेजारच्या शहापूर तालुक्यांतील काही घरांच्या ओटीवर एक निराळाच पाहुणा येऊन राहिला आहे. त्याचे वजन जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम. बैलाची निगा राखणाऱ्या घरालाही या इवल्या जिवाची निगा नव्याने शिकावी लागते.

लोक त्याला लव्हबर्ड म्हणतात. हे नाव मात्र उसने आहे. खरे लव्हबर्ड आफ्रिका खंडातील. त्यांची शेपटी आखूड व चोच जाड असते. आपल्या बाजारात या नावाने बहुधा मिळतो तो लांब शेपटीचा, पाठीवर काळ्या लाटांची नक्षी असलेला बजरीगर. त्याचे मूळ घर ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानात आहे. पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड याने १८४० मध्ये हे पक्षी जिवंत इंग्लंडात नेले, आणि पुढे ते जगभरच्या पिंजऱ्यांत पोहोचले. हिरव्या बजरीगरांत नर-मादी ओळखणे सोपे असते. वयात आलेल्या नराच्या नाकपुड्यांभोवतीचा फुगवटा निळा असतो, तर मादीचा तपकिरी.

रानात बजरीगर झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. काड्या जमवून घरटे विणणे त्याला ठाऊकच नाही. म्हणून पाळणारे लोक पिंजऱ्यात कुंभाराकडील लहान मडके टांगतात. त्याच्या कुशीला पक्षी आत शिरेल एवढे भोक असते. मडक्याचा तळ खोलगट असल्यामुळे अंडी घरंगळून इकडेतिकडे जात नाहीत, आणि मातीच्या भिंतींमुळे आतील उष्मा काहीसा कमी राहतो. तळाशी सुताराच्या रंध्यातून निघणाऱ्या सालपटी पसरतात. गुळगुळीत तळावर पिलांचे पाय घसरतात व कायमचे फाकडे होतात.

मडके केव्हा टांगावे, यालाही महत्त्व आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी पावसाळ्यात हवा अतिशय दमट असते. त्या दिवसांत दाण्यांना बुरशी येते. वैशाखातील उकाडा तर पिलांना सोसवत नाही. भातकापणीच्या सुमारास, दसरा उलटल्यावर मडके चढवणे चांगले. तोपर्यंत जोडी एक वर्षाची झालेली असावी. कोवळ्या वयाच्या मादीचे अंडे पोटातच अडकते आणि त्यात ती दगावूही शकते. तिला राळे, वरी, बाजरी यांबरोबर मेथी-कोथिंबिरीचा पाला आणि समुद्रफेनाचा तुकडा द्यावा. समुद्रफेन म्हणजे माकूळ जातीच्या सागरी प्राण्याच्या अंगातील पांढरा, हलका भाग. अंड्याच्या कवचाला लागणारा चुना मादीला त्यातून मिळतो.

मादी एक दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी घालते. ती उबवण्याचे काम एकट्या मादीचे. नर तिला दारापाशी येऊन भरवतो. प्रत्येक अंडे सुमारे अठरा दिवसांनी फुटते. खरी कसोटी याच काळात असते, आणि ती पक्ष्यांची नव्हे, तर घरातील मुलांची! मडक्यात काय चालले आहे, हे पाहण्यासाठी त्यांचे मन अधीर होते. कोणी मडके हलवून पाहतो, कोणी भोकात बोट घालतो. मादी बिथरली, तर अंडी टाकून देते. ती दाणे टिपायला स्वतः बाहेर आली, म्हणजे दिवसातून एकदा डोकावावे आणि लगेच दूर व्हावे.

पहिले पिलू आंधळे, उघडे आणि गुलाबी असते. मादी आपल्या जठरात तयार होणारा दुधासारखा रस त्याला पाजते. अंडी एक दिवसाआड घातलेली असल्याने पिलेही त्याच क्रमाने बाहेर येतात. पाच अंडी असतील, तर थोरल्यात व धाकट्यात आठ दिवसांचे अंतर पडते. थोरल्याचे डोळे उघडू लागतात तेव्हा धाकटे नुकतेच कवच फोडत असते! मादी धाकट्याला पातळ रस व थोरल्यांना मऊ झालेले दाणे भरवते. तरीही मोठ्यांच्या दाटीत ते चिमुकले कधी कधी उपाशी राहते, कधी त्यांच्या अंगाखाली चेंगरते. सायंकाळी पिलांच्या गळ्याशी असलेली अन्नपिशवी पाहावी. पातळ कातडीतून आतील दाणे स्पष्ट दिसतात. धाकट्याची पिशवी रोज रिकामी दिसू लागली, तर त्याच वयाची पिले असलेल्या दुसऱ्या जोडीच्या मडक्यात त्याला ठेवता येते. बजरीगर मादी परके पिलू बहुधा स्वीकारते.

या दिवसांत उकडलेले अंडे व मोड आलेले धान्यही द्यावे. उरलेले दोन-तीन तासांत काढून टाकावे, नाहीतर ते आंबते. चुलीचा धूर पक्ष्यांच्या फुप्फुसांना सोसत नाही, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर असावा. रात्री मांजराने पंजा मारला, तर मादी घाबरून बाहेर येते. अंधारात तिला पुन्हा आत शिरता येत नाही आणि पिले गारठतात.

पिंजरा कोंबड्यांच्या खुराड्यापासूनही दूर ठेवावा. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोली येथील एका कुक्कुटशाळेत सुमारे शंभर पक्षी मेले. तपासणीत बर्ड फ्लू आढळला, आणि रोग पसरू नये म्हणून आसपासचे सुमारे पंचवीस हजार पक्षी नष्ट करावे लागले. पिंजऱ्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. बरेच पक्षी एकदम मरू लागले, तर ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

येथील रानातल्या पोपटाची गोष्ट वेगळी. ढोलीतून त्याचे पिलू काढून आणणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. उलट, पिंजऱ्यात वाढलेला बजरीगर रानात सोडणेही दयाळूपणाचे नव्हे. अन्न कसे शोधावे हे त्याला ठाऊक नसते, आणि कावळे व शिक्रे त्याला फार काळ जगू देत नाहीत.

पाचव्या आठवड्यात थोरले पिलू भोकातून मान बाहेर काढते. दिवसभर ते नुसते पाहत बसते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धडपडत दांडीवर उतरते. दाणे सोलणे साधेपर्यंत बाप त्याला भरवत राहतो. मादी इतक्यात पुन्हा अंडी घालण्याच्या बेतात असते. दोन वेळा पिले झाली, की मडके उतरवावे. त्यातील सालपटी बाहेर टाकाव्यात, ते धुवून कडक उन्हात वाळवावे आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत माळ्यावर पालथे घालून ठेवावे.