अ‍ॅक्टन : आपलं यजमान गाव

बॉस्टनहून रूट २ धरून निघालात की कॉन्कर्ड ओलांडल्यावर अ‍ॅक्टन लागतं. लोकलनं येणाऱ्यांनी नॉर्थ स्टेशनवरून फिचबर्गची गाडी पकडावी आणि साउथ अ‍ॅक्टनला उतरावं. वस्ती २४ हजारांच्या आसपास. बंदुका घडवणारा आयझॅक डेव्हिस इथलाच. १९ एप्रिल १७७५ रोजी तो आपली तुकडी घेऊन कॉन्कर्डच्या नॉर्थ ब्रिजवर गेला आणि तिथेच ब्रिटिशांच्या गोळीला बळी पडला. गावात त्याचं दगडी स्मारक आहे. वेळ काढून जरूर पाहा.

पूर्वी शेजारच्या मेनार्डमध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीचं मुख्यालय होतं. ती कंपनी गेली, तरी आपली माणसं इथे घर शोधत येतातच, आणि पहिला प्रश्न विचारतात तो शाळेचा.

अ‍ॅक्टन आणि बॉक्सबरो या दोन गावांचं सरकारी हायस्कूल एकच. राज्याची एमकॅस नावाची परीक्षा दहावीतही असते. २०२३ साली राज्यभरातल्या दहावीच्या मुलांपैकी इंग्रजीत ५८ टक्के, तर गणितात ५० टक्के मुलांनी अपेक्षित पातळी गाठली. आपलं हायस्कूल या सरासरीच्या बरंच वर असतं. त्यातही मॅसॅच्युसेट्स देशपातळीवरच्या चाचण्यांत वर्षानुवर्षं आघाडीवर असलेलं राज्य, म्हणजे इथली सरासरीसुद्धा सोपी नाही.

पण घर घेताना नुसती ही तुलना पुरत नाही, असं मला मनापासून वाटतं. त्याच सरासरीत लॉरेन्स आणि होल्योकची मुलंही आहेत. त्यांतल्या अनेकांच्या घरी स्पॅनिश बोलतात, आईवडिलांची कमाई बेताची असते. अ‍ॅक्टनमध्ये घरोघरी पदवीधर, पुस्तकं आणि शिकवणीला पैसे. या फरकाचं सगळं श्रेय शाळेला देणं त्या गावांतल्या शिक्षकांवर अन्याय आहे. म्हणून राज्य प्रसिद्ध करतं तो प्रगतीचा आकडाही पाहा. त्यात प्रत्येक मुलाची तुलना आधी साधारण तेवढेच गुण असलेल्या राज्यातल्या मुलांशी होते, आणि ५० म्हणजे मध्यम प्रगती. मूल आधीच्या परीक्षेपासून किती पुढे गेलं, याचा अंदाज त्यातून येतो.

शाळा चांगली राहायला पैसाही लागतो, आणि हायस्कूलचा मोठा आधार घरपट्टी. १९८०च्या कायद्यामुळे गावाला घरपट्टीची एकूण आकारणी, नवी बांधकामं सोडून, वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. शिक्षकांचे पगार आणि विमा त्यापुढे गेले की मतदारांची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. ती मिळाली नाही तर खर्चाला कात्री लागते. गावाचं अंदाजपत्रक टाउन मीटिंगमध्ये ठरतं. ही सभा हायस्कूलच्याच सभागृहात भरत आली आहे, आणि नोंदणी झालेला कुठलाही मतदार तिथे उभा राहून बोलू शकतो. इथे स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनी मुलांच्या मैफिलीला जावं तसं या सभेलाही जावं. नवीन माणसाला सोबत हवी असेल, तर आपल्या मंडळातलं कुणीही आनंदानं बरोबर येईल.