सहा क्रमांकाचा सदरा

आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाला दक्षिण आफ्रिका हा देश आहे. महात्मा गांधींनी सत्याग्रहाचा पहिला प्रयोग केला तो याच भूमीवर. या देशात दीर्घकाळ मूठभर गोऱ्या लोकांचे राज्य होते, आणि १९४८ पासून तर वर्णभेद हेच तेथील सरकारचे उघड धोरण झाले. १९५० साली झालेल्या एका कायद्यान्वये प्रत्येक मनुष्याचा वर्ण सरकारदप्तरी नोंदला जाऊ लागला. मनुष्याने कोठे राहावे, कोणत्या शाळेत शिकावे, हे त्याच्या कातडीच्या रंगावरून ठरे. क्रीडांगणेही या भेदातून सुटली नाहीत.

रग्बी हा तेथील गोऱ्या लोकांचा अत्यंत आवडता खेळ. या खेळात प्रत्येक बाजूस पंधरा खेळाडू असतात. चेंडू गोल नसून लांबट, अंड्याच्या आकाराचा असतो. तो घेऊन प्रतिपक्षाची सीमा ओलांडायची आणि तेथे तो जमिनीला टेकवायचा, की पाच गुण मिळतात. मात्र या खेळाचा एक नियम मोठा विलक्षण आहे. हाताने चेंडू पुढे टाकता येत नाही. आपल्या मागे किंवा बरोबरीने असलेल्या सोबत्याकडेच तो द्यावा लागतो. संघाला पुढे जावयाचे असेल, तर पुढे असलेल्याने मागच्यावर विश्वास ठेवलाच पाहिजे.

असा हा खेळ. परंतु दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय संघात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. स्प्रिंगबॉक नावाचे हरिण हे त्या संघाचे बोधचिन्ह. हिरव्या सदऱ्यावरील ते हरिण पाहिले, की कृष्णवर्णीय लोकांना आपल्या अपमानाची आठवण होई. आपल्याच देशाचा संघ हरावा, अशी इच्छा करण्याची पाळी त्यांच्यावर आली होती.

अखेर काळ पालटला. सत्तावीस वर्षे कारावास भोगलेले नेल्सन मंडेला १९९४ साली राष्ट्राध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी रग्बीची जागतिक स्पर्धा त्या देशात भरली. २४ जून १९९५ रोजी दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला १५–१२ असे हरवून विश्वचषक जिंकला. त्या दिवशी मंडेला तोच हिरवा सदरा घालून क्रीडांगणावर आले. त्यांच्या पाठीवर संघाचा गौरवर्णीय कर्णधार फ्रान्स्वा पिनार याचा सहा हा क्रमांक होता. ज्या सदऱ्याने आजवर माणसे दुरावली, तोच सदरा त्यांनी सर्वांचा करावयाचे ठरविले होते. परंतु अंतिम सामना खेळलेल्या त्या संघात गोरा नसलेला खेळाडू एकच होता. सदरा खऱ्या अर्थाने सर्वांचा होण्यास अद्याप अवकाश होता.

या सुमारास पोर्ट एलिझाबेथ शहरालगतच्या झ्विडे नावाच्या वस्तीत एक चार वर्षांचा मुलगा वाढत होता. त्याचे नाव सियामथांडा कोलिसी. खोसा भाषेतील या नावाचा अर्थ ‘आम्हाला तो प्रिय आहे’ असा होतो. सर्वजण त्याला सिया म्हणत. त्याचा जन्म १६ जून १९९१ चा. आणि १९५० चा तो वर्णनोंदणीचा कायदा तेथील संसदेने रद्द केला तो दुसऱ्याच दिवशी, १७ जून रोजी! कायदा गेला, तरी दारिद्र्य मात्र गेले नव्हते. आईवडील अगदी कोवळ्या वयाचे. त्यामुळे सियाचे संगोपन आजीने केले. घरी पुरेसे अन्न नसे. कित्येकदा साखर घातलेले पाणी पिऊन तो भूक मारी. निजावयास खाट नव्हती. बैठकीच्या गाद्या जमिनीवर टाकून त्यावर तो झोपे. मोटार म्हणून तो एक वीट जमिनीवरून फिरवी आणि त्यात रमून जाई.

वस्तीतील एका मंडळात तो रग्बी खेळू लागला. एकदा निवडीच्या सामन्यास जाताना त्याच्याजवळ खेळाची चड्डीही नव्हती. तेव्हा आतल्या साध्या चड्डीवरच तो मैदानात उतरला आणि खेळला. त्याचा खेळ जाणत्यांच्या नजरेत भरला. वयाच्या बाराव्या वर्षी ग्रे या नामांकित शाळेची शिष्यवृत्ती त्याला मिळाली. तेथे पोटभर अन्न, गणवेश व उत्तम क्रीडांगणे होती. परंतु इंग्रजी भाषा त्याला नीट येत नव्हती. एका वर्गमित्राने त्याला ती शिकण्यास साहाय्य केले. अशा रीतीने दिवस पालटत असतानाच काळाने त्याच्यावर घाला घातला. कुमारवयातच आजी आणि आई या दोघींचेही छत्र हरपले. आईच्या मागे दोन लहान भावंडे पोरकी झाली व दृष्टीआड गेली. पुढे मोठा झाल्यावर सियाने त्यांना शोधून काढले आणि आपल्या घरी आणून वाढविले.

२००७ साली दक्षिण आफ्रिकेने दुसऱ्यांदा विश्वचषक जिंकला. घरी दूरचित्रवाणी नसल्यामुळे सोळा वर्षांच्या सियाने तो सामना वस्तीतील एका पानगृहात जाऊन पाहिला. भोवतालची सर्व माणसे आनंदाने बेभान झालेली त्याने पाहिली. एका खेळात एवढी शक्ती असते, हे त्या दिवशी त्याला उमगले.

१५ जून २०१३ रोजी, बाविसावा वाढदिवस एका दिवसावर असताना, तो स्कॉटलंडविरुद्ध राष्ट्रीय संघातून प्रथम खेळला. एक सहकारी जखमी झाल्यामुळे त्याला आरंभीच मैदानात यावे लागले. तरीही सामनावीराचा मान त्यानेच पटकाविला. परंतु नंतरच्या काही वर्षांत संघाची अवनती झाली. २०१७ साली न्यूझीलंडने त्याचा ५७–० असा धुव्वा उडविला.

अशा पडत्या काळात, मे २०१८ मध्ये, प्रशिक्षक रासी इरॅस्मस यांनी सिया कोलिसीला कर्णधार नेमले. १८९१ पासून कसोटी सामने खेळत आलेल्या या संघाचा तो पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार होता. कोट्यवधी लोकांना आनंद झाला. परंतु ही निवड गुणांवरून नसून वर्णावरून झाली, असे म्हणणारेही होते. त्याचे उत्तर मैदानावरच द्यावयाचे होते.

९ जून २०१८ रोजी जोहान्सबर्ग येथे इंग्लंडशी सामना झाला. क्रीडांगण तेच, जेथे १९९५ साली मंडेला हिरवा सदरा घालून आले होते. कोलिसीच्या पाठीवरचा क्रमांकही सहाच होता. थोड्याच वेळात इंग्लंडचे २४ गुण झाले. दक्षिण आफ्रिकेचे अवघे ३! नव्या कर्णधाराची ही केवढी कसोटी! परंतु संघ डगमगला नाही. एकेक गुण मिळवीत त्याने तो सामना ४२–३९ असा जिंकला.

२०१९ साली जपानमध्ये जागतिक स्पर्धा झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा पराभव झाला. प्रारंभीच्या गटात सामना हरलेल्या संघाने तोवर एकदाही विश्वचषक जिंकला नव्हता. तरी हा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि २ नोव्हेंबर रोजी योकोहामा येथे त्याने इंग्लंडला ३२–१२ असे नमविले. कोलिसीचा तो पन्नासावा कसोटी सामना होता. सामन्यानंतर बोलताना त्याने स्वतःचा बडेजाव केला नाही. भिन्न वंशांतून आणि भिन्न परिस्थितीतून आलेली माणसे एका ध्येयाने एकत्र आली, तर काय साधते, हे त्याने देशबांधवांना सांगितले.

एप्रिल २०२३ मध्ये त्याच्या गुडघ्याला गंभीर इजा होऊन शस्त्रक्रिया करावी लागली. जागतिक स्पर्धा काही महिन्यांवर आलेली. तथापि कसून व्यायाम करून ऑगस्टमध्ये तो पुन्हा मैदानात उतरला. फ्रान्समधील त्या स्पर्धेत त्याच्या संघाने उपांत्यपूर्व, उपांत्य व अंतिम हे तिन्ही सामने केवळ एकेका गुणाने जिंकले. २८ ऑक्टोबर रोजी न्यूझीलंडविरुद्ध झालेल्या अंतिम सामन्यात नियमबाह्य झडप घातल्याबद्दल पंचांनी कोलिसीला दहा मिनिटे बाहेर बसविले. देशाचे लक्ष ज्याच्याकडे लागलेले, तो कर्णधारच कडेला बसून राहिला. उरलेल्या चौदा जणांनी खिंड लढविली. कर्णधार परतला आणि सामना १२–११ असा जिंकला गेला. लागोपाठ दोन विश्वचषक जिंकणारा तो जगातील दुसराच कर्णधार ठरला.

कीर्ती लाभली, तरी झ्विडेतील भूक तो विसरला नाही. २०२० साली महामारीने जग ग्रासले, तेव्हा त्याने पत्नीसह एक सेवासंस्था स्थापन केली आणि गरजूंच्या घरी अन्न पोहोचविले.

कर्णधार या शब्दाचा मूळ अर्थ नावेचे सुकाणू धरणारा असा आहे. सुकाणू एकाच्या हाती असते, पण वल्ही सर्वांनी मारावी लागतात. ज्या सदऱ्याला हात लावण्याचाही अधिकार सियाच्या आजोबा-पणजोबांना नव्हता, तो आज झ्विडेतील मुले अभिमानाने अंगात घालतात. मंडेलांनी १९९५ साली जे आरंभिले, ते पुढे नेण्यास विटेशी खेळणाऱ्या एका मुलाचे हात कामी आले.