पंथ अनेक, आज्ञा एक

आजचे वाचन : मार्क 12:13-34

या अध्यायात येशूकडे एकामागून एक माणसं प्रश्न घेऊन येतात. कोण कुठल्या गटाचा, हे कळलं की वाचन उलगडतं.

इ.स.पू. 63 मध्ये रोमन सेनापती पाँपीने यरुशलेम घेतलं. तेव्हापासून यहुद्यांपुढे प्रश्न होता: परक्या सत्तेखाली देवाची प्रजा म्हणून जगायचं कसं? सदूकी, म्हणजे मुख्यतः वरच्या याजक घराण्यांतले लोक, रोमशी जुळवून घेत मंदिर सांभाळत. परूशी रोजच्या जेवणापासून शब्बाथापर्यंत नियमशास्त्र पाळण्यावर भर देत. हेरोदी राजघराण्याच्या बाजूचे. एसेनी समाजापासून वेगळे राहत. काहींना तलवार हाच मार्ग वाटे. पुढे 66 साली बंड झालं आणि 70 साली मंदिर जळालं.

परूशी आणि हेरोदी कराचा प्रश्न विचारतात. ‘द्या’ म्हटलं तर लोक चिडणार, ‘देऊ नका’ म्हटलं तर रोम पकडणार. सदूकी पुनरुत्थान मानत नाहीत, म्हणून त्यावरूनच कोंडीत धरतात. शेवटी एक शास्त्री विचारतो, सगळ्यात मोठी आज्ञा कोणती? येशू कुठल्याच गटाची बाजू घेत नाही. तो ‘शमा’ सांगतो: देव एकच, त्याच्यावर सर्वस्वाने प्रीती करा. आणि जोडीला शेजाऱ्यावरची प्रीती.

याच ‘शमा’ची एक गोष्ट आपल्या कोकणातली आहे. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले. ग्रंथ बुडाले. मंदिर नाही, याजक नाही. ते तेलाचे घाणे चालवायचे, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. प्रार्थना मुखी उरली ती ‘शमा’. पंथांचे वाद त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते, तरी विश्वास टिकला.

आपल्याकडे पिंपरी-चाकण पट्ट्यात नवीन मुलगा भेटला की पहिला प्रश्न: “तू कुठल्या चर्चचा?” कॅथलिक, सी.एन.आय., पेंटेकॉस्टल. त्यात अनेक कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. रविवारी शिफ्ट लागली की त्या मुलाचं चर्च सुटतं, हळूहळू संगतीही सुटते. मला वाटतं, अशा वेळी त्याला आपला गट नको असतो, शेजारी हवा असतो.

आज एवढंच करूया. कंपनीच्या बसमध्ये मनात ‘शमा’ म्हणूया, आणि दुसऱ्या चर्चच्या एका मित्राला फोन करून विचारूया, “जेवलास का?”

प्रार्थना : प्रभू, आमच्या गटापेक्षा तू मोठा आहेस, हे आम्हाला विसरू देऊ नकोस. आमेन.