गोळ्यांचा हिशेब

आमच्या घरात डोकं कुणाचंच दुखायचं नाही, पित्त व्हायचं. आजीला व्हायचं, आईला व्हायचं, आणि कॉलेजात असताना माझं अर्धं कपाळ ठणकायला लागलं तेव्हा तेही पित्तच ठरलं. सुंठेचा लेप लाव, रुमाल घट्ट बांध, नाहीतर घशात बोटं घालून ओकून टाक. ओकल्यावर खरंच थोडं हलकं वाटायचं, म्हणून तर कुणाला शंका आली नाही. मळमळ, उलटी, उजेड आणि आवाज नकोसा होणं ही मायग्रेनचीच लक्षणं, हे मला पस्तिशीत समजलं.

तोवर लेपाची जागा गोळीने घेतली होती. पॅरासिटामॉल आणि कॅफीन एकत्र असलेली, मेडिकलमध्ये मागितली की मिळणारी. आधी दुखल्यावर घ्यायचे. मग दुखेल म्हणून घ्यायला लागले: आज पेपर तपासायचेत, उद्या नणंदेकडे बारसं आहे. पुढे पुढे सकाळी जाग यायची तीच जड डोक्याने, आणि चहाबरोबर गोळी घेतल्याशिवाय शाळेची बस पकडणं जमेना.

न्यूरॉलॉजिस्टनी विचारलं, ‘‘महिन्यातले किती दिवस गोळी घेता?’’ किती दिवस दुखतं, हे त्यांनी नंतर विचारलं. मी अंदाजाने आकडा सांगितला. शेजारी बसलेल्या नवऱ्याने तो दुरुस्त केला.

प्रत्येक मायग्रेनवाल्याने पाठ करावं ते हे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान गटातली औषधं १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ चाललं, तर त्या गोळ्याच डोकेदुखी वाढवू लागतात. किती गोळ्या यापेक्षा किती दिवस, याला महत्त्व. मला त्या बंद करायला सांगितल्या. पहिला आठवडा फार वाईट गेला; तो रजा टाकून काढावा, परीक्षांच्या काळात तर मुळीच सुरू करू नये. रोज झोपेच्या किंवा अंगदुखीच्या जास्त तीव्र गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नये.

त्याच वेळी प्रतिबंधक औषध सुरू झालं, रात्री अमिट्रिप्टिलिनचा छोटा डोस. तोंड कोरडं पडायचं, सकाळी सुस्ती असायची, आणि फरक लगेच दिसत नव्हता. ही औषधं हळूहळू काम करतात. योग्य डोस दीड-दोन महिने घेतल्याशिवाय ‘लागू पडलं नाही’ म्हणू नये. शेजारणीची चिठ्ठी तर अजिबात वापरू नका. प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्यांना चालत नाही, फ्लुनारिझिनने वजन वाढू शकतं, व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक आहे. दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा येत असतील, तर गर्भनिरोधक गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ते सांगाच. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

झटका आलाच तर ‘बघू जरा, थांबेल’ करत बसू नये. मायग्रेनमध्ये पोटाचं काम मंदावतं, उशिरा घेतलेली गोळी तिथेच पडून राहते. म्हणून मला गोळीबरोबर उलटीचंही औषध दिलंय. लवकर घ्यायची, पण आठवड्यात दोन दिवसांहून जास्त नाही.

कशाने उठतं, हे ज्याचं त्याने शोधावं. माझ्याकडे स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे मांडलेले असतात, त्याच चौकटीत दुखलं तर गोल आणि गोळी घेतली तर फुली. काही महिन्यांत गोल कुठे जमतात ते दिसलं: पाळीच्या आधी, उशिरापर्यंतच्या जागरणानंतर, आणि दर संकष्टीला. चंद्रोदयापर्यंत उपाशी राहणं मला परवडत नाही. सासूबाईंना चौकटी दाखवल्या. त्या म्हणाल्या, ‘‘तू दुपारी जेव गं, उपास मी धरते.’’ डोक्यावरून अंघोळ केल्यावर दुखतं, हेही बायका सांगतात आणि घरचे हसतात. मुंबईचे डॉ. के. रविशंकर यांनी २००६ साली अशाच ९४ भारतीय रुग्णांवर शोधनिबंध लिहिला आहे, तेव्हा हसणाऱ्यांना तो सांगा. चॉकलेट, चीज वगैरेंच्या छापील याद्या मी सोडून दिल्या. त्यांतलं निम्मं मी खातच नाही.

एकाएकी, क्षणात शिगेला पोचणारी डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, बोबडी वळणं, हातपाय लुळे पडणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं: यांतलं काही असेल तर मायग्रेन समजून घरी पडून राहू नका, लगेच डॉक्टर गाठा. एरवी भेटीला जाताना कॅलेंडरच्या गेल्या तीन पानांचे फोटो मोबाइलमध्ये असू द्या. डॉक्टरांना आपल्या आठवणीपेक्षा फुल्या जास्त उपयोगी पडतात.