डायनामाइटच्या जुन्या पेट्या : दुरुस्ती किती करावी, गिऱ्हाइकाला काय सांगावे

भंगारातून आलेल्या वस्तूला जुनी म्हणून चांगला दाम मिळतो, हे आपल्या व्यापारी बंधूंना नवीन नाही. मुंबईच्या चोर बाजारात कितीतरी कुटुंबांची रोजी यावरच चालत आली आहे. पण अमेरिकेतील शौकिनांनी एक अशी वस्तू दिवाणखान्यात नेऊन ठेवली आहे की ऐकणाऱ्याने चकित व्हावे. खाणी, रेल्वेचे बोगदे आणि शेतातील बुंधे उडवण्यासाठी सुरुंगाची दारू ज्या लाकडी पेट्यांतून जात असे, त्या रिकाम्या पेट्या तिथे जुन्या मालाच्या बाजारात विकल्या जातात. आपल्याकडे सहारनपूर आणि जोधपूरचे कारागीर परदेशी खरेदीदारांसाठी जुन्या देखाव्याचा लाकडी माल बनवतात. म्हणून या पेटीची नीट ओळख करून घेणे त्यांच्याही उपयोगाचे आहे.

आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइटचे पेटंट १८६७ मध्ये घेतले. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को येथे जायंट पावडर कंपनीने त्यांच्या परवान्यावर अमेरिकेत उत्पादन सुरू केले. पूर्वेकडे डेलावेअर राज्यात विल्मिंग्टनजवळ ड्यू पाँट घराणे १८०२ पासून काळ्या दारूच्या धंद्यात होते. पुढे त्यांनी या धंद्यातील इतक्या कंपन्या गिळल्या की सरकारने मक्तेदारीविरोधी खटला भरला. त्या खटल्यातून १९१२ मध्ये हर्क्युलिस आणि अ‍ॅटलास या दोन वेगळ्या कंपन्या निघाल्या. पेटीचे वय ठरवताना हा इतिहास कामाला येतो. मात्र हर्क्युलिस आणि अ‍ॅटलास ही नावे दारूच्या छापांवर आधीपासून होती, म्हणून नुसत्या नावावर भरवसा ठेवू नये. नावासोबत त्याच नावाच्या कंपनीचा पत्ता विल्मिंग्टनचा असेल तर पेटी बहुधा १९१२ नंतरची समजावी.

दुसरी खूण म्हणजे ‘आय. सी. सी. १४’ हा शिक्का. स्फोटकांच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार तेथील आंतरराज्य वाणिज्य आयोगाला १९०८ मध्ये मिळाला आणि १९६७ मध्ये हे काम वाहतूक खात्याकडे गेले. हा शिक्का असलेली पेटी त्या दरम्यानच्या काळातील. ‘१८८० सालची’ म्हणून कोणी ती विकत असेल तर तिथेच हात मागे घ्यावा.

आता बांधणी पाहू. ही पेटी हलक्या, मऊ लाकडाची, बहुधा पाइनची असते. पन्नास पौंडांच्या, म्हणजे साधारण पावणेतेवीस किलो मालाच्या पेटीची लांबी सुमारे दोन फूट आणि रुंदी सुमारे एक फूट भरते. खरी कारागिरी कोपऱ्यात आहे. दोन हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तसे फळ्यांचे सरळ दाते एकमेकांत बसवून सरसाने चिकटवलेले असतात. दुकानदार याला डव्हटेल म्हणतात, पण ते चूक आहे. डव्हटेलचे दाते टोकाला रुंद होतात, हे सरळ असतात आणि यंत्रावर कापलेले असतात. लोखंडाचा ठिणगीशी आणि घर्षणाशी संबंध असल्यामुळे खिळ्याचे टोक आत मालापर्यंत पोहोचू नये, ही त्यामागची काळजी. पेटी उघडतानाही लोखंडी पहार वापरायची नाही, लाकडी पाचर आणि लाकडी मोगरी वापरायची, असा नियम होता. आत मेणकागदाचे अस्तर. बाहेर ‘हाय एक्स्प्लोझिव्हज, डेंजरस’ अशी मोठी अक्षरे थेट लाकडावर छापलेली. ‘ही बाजू वर’ ही सूचनाही शोभेची नव्हती. कांड्या आडव्या राहाव्यात, उभ्या राहून त्यातले तेल टोकाला उतरू नये, हा तिचा हेतू.

त्या तेलाबद्दल सावकाश वाचावे, कारण पैशाचा सवाल नंतरचा, जिवाचा आधी. डायनामाइटमधील खरा ऐवज नायट्रोग्लिसरीन. माल जुना झाला किंवा दमट, गरम जागी पडून राहिला की ते पाझरते आणि लाकडात मुरते. झटका, घासणे, उष्णता यांपैकी काहीही त्याला पुरते. कातडीतून शरीरात शिरले तर रक्तवाहिन्या सैल पडून डोके भयंकर दुखते. दारूच्या कारखान्यांतील मजुरांना हा त्रास ठाऊक होता. म्हणूनच रिकाम्या पेट्या पुन्हा कोणत्याही कामाला वापरू नका, चुलीत घालू नका, उघड्यावर जाळा आणि लांब उभे राहा, अशी ताकीद दारूचे कारखानदारच देत असत. आज बाजारात दिसणाऱ्या पेट्या म्हणजे ती ताकीद न पाळणाऱ्या खाणकामगारांनी हत्यारे आणि खिळे ठेवायला घरी नेलेल्या पेट्या. बहुतेक कोरड्या आणि निरुपद्रवी आहेत. पण आतल्या बाजूला काळपट तेलकट डाग, चिकटपणा किंवा फळीच्या सांध्यात थिजलेले काही दिसले, तर हात लावू नये, हलवू नये, पुसू नये. आत एखादी कांडी किंवा डिटोनेटर राहिला असेल तर बाहेर पडून पोलिसांना कळवावे. आपल्या देशात स्फोटकांवर १८८४ चा कायदा आहे आणि त्याची अंमलबजावणी करणाऱ्या खात्याचे मुख्यालय नागपूरला आहे. भंगारात अशी पेटी आली तरी हाच मार्ग.

कापडवाल्याने सुरुंगाची गोष्ट का सांगावी, असे कोणी विचारील. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज फुटले, त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी भरल्या होत्या. आग कापसाच्या खणातच दिसली होती. शेजारी काय ठेवले आहे हे पाहण्याची सवय आमच्या बाजाराला तेव्हापासून असायला हवी.

पेटी कोरडी आणि स्वच्छ असल्याची खात्री झाली की दुरुस्ती. इथे आपल्या सुताराचा हात आवरावा लागतो. त्याची सवय रंधा मारण्याची, पॉलिश पेपर फिरवण्याची, वर चकाकी आणण्याची. या मालात ते तिन्ही नको. घासण्यात धोका आहेच, शिवाय पेटीची किंमत लाकडाची नाही, छापाची आणि शंभर वर्षांत लाकडावर चढलेल्या रंगाची आहे. जुन्या पैठणीला कोणी नवी दिसावी म्हणून ब्लीच करील काय? मऊ ब्रशने धूळ काढावी. नंतर घट्ट पिळलेला ओलसर फडका, तोही आधी एका कोपऱ्यावर फिरवून बघावा, कारण काही शाया पाण्याने सुटतात. सांधा सैल असेल तर जुना सरस कोमट पाण्याने मऊ करून काढावा आणि पुन्हा सरसच लावावा. सिंथेटिक गोंद पक्का बसतो खरा, पण पुढच्या कारागिराला तो फळी न फोडता सोडवता येत नाही. शिकंजा नसेल तर पेटीभोवती दोरी बांधून काडीने पीळ द्यावा. झाकण नसेल तर त्याच जातीच्या जुन्या लाकडाचे करावे आणि आतल्या बाजूला नव्याची तारीख घालावी. पुसट झालेली अक्षरे रंगाने भरू नयेत. तेवढे एक काम पेटीचा अर्धा जीव घेते.

शेवटी लावायचेच असेल तर मधमाशीचे मेण, अगदी पातळ हात. अळशीचे तेल टाळावे. त्याने लाकूड काळवंडते आणि छाप बुडतो. दुसरी गोष्ट अशी की अळशीच्या तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकले की ते आपोआप तापून पेट घेतात. कापडाच्या गोदामाशेजारी वर्कशॉप असेल त्यांनी हे फडके उन्हात सुटे पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून ठेवावेत.

आता नकली मालाची गोष्ट. खऱ्या पेटीवर ओरखडा आला की तिथले अक्षर तुटते, कारण छाप आधीचा आणि ओरखडा नंतरचा. नकलीत शाई ओरखड्याच्या तळाशी गेलेली दिसते. सिरका आणि लोखंडी कीस यांचे पाणी मारून लाकूड करडे करतात, तो करडेपणा आत, बाहेर, बुडाला सारखाच असतो. खऱ्या पेटीचे तोंड एक आणि बूड दुसरे. बुडाला प्लायवूड किंवा चौफुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर जुनेपणाच्या गप्पा बंद कराव्यात.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाहीस असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. नवे झाकण, पुन्हा चिकटवलेला कोपरा, भुंग्याने पोखरलेली फळी हे या मालाचे ओले धान्य आहे. ते पावतीवर लिहावे. माझे तर असे मत आहे की पेटीच्या आतून तेल पाझरल्याचा संशय असेल तर पावतीवर लिहूनही ती विकू नये. सांगितलेला ऐब गिऱ्हाईक पत्करू शकते, पण त्याच्या घरातील लेकरांनी तो पत्करलेला नसतो.

नवी पेटी जुन्या नमुन्यावर बनवणे ही वेगळी आणि हलाल तिजारत आहे. फक्त बुडावर बनवल्याचे वर्ष आणि गाव डागून टाकावे, पुसता येणार नाही असे. आणि कंपन्यांची नावे जशीच्या तशी छापू नयेत. ओहायोतील ऑस्टिन पावडर कंपनी १८३३ पासून आजही धंद्यात आहे, म्हणजे तिची निशाणी तिच्या मालकीची आहे. खरेदीदाराने नमुना पाठवून तेच नाव मागितले तर मालकाच्या परवानगीचा कागद ऑर्डरसोबतच मागून घ्यावा.