उदास वाटतंय? आधी ताट पाहू

“कशातच मन लागत नाही, डॉक्टर. उगाच चिडचिड होते.” अशी तक्रार आली की मी झोपेइतकंच बारकाईने जेवणाबद्दल विचारते. सकाळी चहा-खारी, दुपारी जमेल तेव्हा डबा, संध्याकाळी पुन्हा चहा आणि पोटभर जेवण थेट रात्री दहाला, असं अनेकांचं चाललेलं असतं. त्यात आठवड्याचे दोन उपास, तेही साबुदाण्यावर. दिवसभर अर्धपोटी राहिलेल्या शरीरात थकवा आणि तिरसटपणा येतो आणि दोष मात्र स्वभावाला लागतो. सकाळी खारीऐवजी मटकीची उसळ किंवा अंडं-पोळी खाऊन पाहा.

शाकाहारी वाचकांनी बी-१२ कडे विशेष लक्ष द्यावं. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश पुरुषांमध्ये हे जीवनसत्त्व कमी आढळलं होतं. ते कमी पडलं की हातापायांना मुंग्या येतात, विसरायला होतं, मनही उदास राहू शकतं. डाळी-पालेभाज्यांतून ते मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर रक्त तपासून घ्यावंच. कमतरता जास्त असेल तर वाटीभर दह्याने भागत नाही, गोळ्या किंवा इंजेक्शनं लागतात.

आता व्यायाम. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात नैराश्याच्या १५६ रुग्णांवर झालेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. सोळा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांना औषध घेणाऱ्यांइतकाच आराम पडला होता. औषधाचा गुण मात्र लवकर आला. त्यामुळे चालू गोळ्या मनाने बंद करू नका, चालण्याची जोड द्या. आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास भरभर चालणं पुरतं.

घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे. नैराश्यात अंथरुणातून उठणंसुद्धा जड जातं, तो आळस नसतो. “जरा फिरून ये” असं सांगून मोकळे होऊ नका. चपला घाला आणि सोबत निघा, पहिले काही दिवस कोपऱ्यापर्यंतच गेलात तरी चालेल.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल, तर आहार-व्यायामाचा गुण येण्याची वाट पाहत बसू नका. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करा, मराठीतही बोलता येतं.